जुन्या जीपला कोणता एक्सल रेशो हवा? ५.३८, ४.२७ की ३.७३?

जुनी महिंद्रा जीप विकत घेतलेल्या माणसाचं पहिलं वर्ष रंग, हूड आणि सीट यांत जातं. दुसऱ्या वर्षी तो हायवेला लागतो. मग त्याच्या लक्षात येतं की ताशी ७० च्या पुढे इंजिन नुसतं किंचाळतंय आणि मागून आलेली छोटी हॅचबॅकसुद्धा हॉर्न देऊन पुढे निघून जातेय. गॅरेजमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "हाउसिंग बदलून टाका, पळेल." हाउसिंग म्हणजे अख्खा मागचा एक्सल. जुन्या बाजारातून दुसऱ्या मॉडेलचा एक्सल येतो, बसतो आणि गाडी खरंच पळायला लागते. अडचण पुढच्या पावसाळ्यात किंवा पुढच्या घाटात कळते.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके हा विषय समजून घ्यायला फार सोयीचे आहेत. एकाच जीपला इथे अगदी वेगवेगळे रस्ते भेटतात. कर्जतहून उल्हास नदीच्या खोऱ्यातून कोंडिवडे, कोंडाण्याकडे जाणारा बऱ्यापैकी सपाट रस्ता आहे, जो पावसाळ्यात गावाजवळ चिखलात संपतो. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत चढणारा अरुंद, उभा घाट आहे. खोपोलीहून खंडाळ्याला जाणारा जुना बोरघाट आहे आणि शेजारीच मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. या चारही ठिकाणी उत्तम चालेल असा एक्सल रेशो अस्तित्वात नाही. म्हणजे त्यातल्या कोणत्या रस्त्यावर तडजोड करायची, तेवढंच आपल्या हातात असतं.

हा आकडा नेमका कशाचा?

इंजिनची गती गिअरबॉक्समधून लांब शाफ्टवाटे मागे येते. शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, त्याला आपल्याकडे टेल पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊन फिरला की चाकं फिरतात. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की एक्सल रेशो मिळतो. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतील तर ५.३८. क्राऊनला ४७ आणि पिनियनला ११ असतील तर ४.२७. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ असतील तर ३.७३.

५.३८ म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी शाफ्टला पाच फेऱ्यांहून थोडं जास्त फिरावं लागतं. गती तेवढी कमी होते आणि ओढ, म्हणजे टॉर्क, तेवढ्याच पटीने वाढते. आकडा मोठा तर ओढ जास्त, वेग कमी. आकडा लहान तर उलट. हॉर्सपॉवर मात्र तीच राहते. दातांची संख्या बदलून ताकद निर्माण होत नाही, फक्त ती कुठे खर्च करायची ते ठरतं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा कर्जत स्टेशनवर दिसतो. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून ढकलणारी जादा इंजिनं कर्जतला लागतात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटात चढ ३७ ला १ इतका आहे. हे बँकर मालगाडीच्या जातीचे असतात. आता भारतीय रेल्वेची दोन नामांकित विद्युत इंजिनं शेजारी ठेवून पाहा: प्रवासी गाडीचं डब्ल्यूएपी-४ आणि मालगाडीचं डब्ल्यूएजी-७. दोन्हींची ताकद साधारण ५००० हॉर्सपॉवर, दोन्हींत हिताची जातीच्या त्याच मोटरी. पण प्रवासी इंजिनात दातांचं प्रमाण ५८ ला २३, म्हणजे सुमारे २.५. मालगाडीच्या इंजिनात ६५ ला १६, म्हणजे ४ च्या थोडं वर. परिणाम असा की पहिलं ताशी १४० पर्यंत जातं, दुसरं १०० ला थांबतं, पण सुरुवातीची ओढ दुसऱ्याची खूपच जास्त. जीपचा मालक जे ठरवायला बसलाय, ते रेल्वेने वर्षानुवर्षांपूर्वी ठरवून टाकलंय. फरक एवढाच की रेल्वेकडे दोन इंजिनं आहेत आणि आपल्याकडे जीप एकच.

अमेरिकेतही हाच खेळ

एक्सल रेशोचं वेड जगभर पसरवलं ते १९६० च्या दशकातल्या अमेरिकन मसल कारनी. तिथे गाडी बुक करतानाच ग्राहक रेशो निवडायचा. फोर्ड मस्टँगला १९६९ च्या सुमारास 'ड्रॅग पॅक' नावाचा पर्याय होता, त्यात ३.९१ किंवा ४.३० चा एक्सल मिळे. हेतू एकच: पाव मैलाची शर्यत जिंकायची. सिग्नलवरून सुटताना अशी गाडी उसळी मारायची आणि हायवेवर मात्र पेट्रोल पीत, आवाज करत चालायची. ज्यांना रोज ऑफिसला जायचं असे ते तीनच्या आसपासचा आकडा घ्यायचे.

गंमत म्हणजे त्या शर्यतीच्या गाड्यांपेक्षाही आपल्या जीपचा आकडा मोठा आहे. कारण जीप शर्यतीसाठी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा रेशो ४.८८ होता. नंतरच्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या मॉडेलला ५.३८ दिला गेला. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हीच आपल्याकडची 'जीप' झाली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, इथे त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिली. शेत, जंगल खातं, पोलीस, तहसीलदार अशा कामांसाठी ५.३८ अगदी योग्य होता. तेव्हा तिला ताशी १०० ने पळवायची कुणालाच घाई नव्हती.

तुमच्या जीपचं गणित

हे गणित कागदावर पाच मिनिटांत होतं. टायरवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकला, एका फेऱ्यात किती अंतर कापलं ते मोजा. ६.००-१६ या मूळ मापाच्या टायरला ते साधारण २.२ मीटर भरतं. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ४५४ फेरे. ताशी ६० ने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स गती बदलत नाही, त्यामुळे ४५४ ला थेट एक्सल रेशोने गुणायचं.

५.३८ ला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २४४० फेरे येतात. ४.२७ ला १९४० आणि ३.७३ ला १६९०. वेग ताशी ८० केला तर हेच आकडे अनुक्रमे ३२६०, २५८० आणि २२६० होतात. १०० ला ५.३८ ची जीप ४००० च्या पुढे गेलेली असते.

आता इंजिनाकडे पाहू. सीजे-३बीचं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन सर्वात जास्त ओढ देतं ते २००० फेऱ्यांना आणि सर्वात जास्त हॉर्सपॉवर देतं ४००० ला. म्हणजे मूळ एक्सलवर ५० ते ६५ या वेगात इंजिन मजेत असतं, ८० ला तक्रार करतं आणि १०० ला अक्षरशः शेवटच्या टोकावर असतं. एक्स्प्रेसवेवर त्याचा जीव जातो, यात इंजिनाचा दोष नाही.

मग ३.७३ घ्यावा का? ताशी ४० चं गणित करा. जुन्या बोरघाटात वळणांमुळे आणि ट्रकांमुळे हाच खरा वेग असतो. ५.३८ वर इंजिन १६३० ला फिरत असतं, ३.७३ वर ११३० ला. इतक्या खाली इंजिन थरथरतं, ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलत नाही. गिअर खाली टाकावाच लागतो.

तीन गिअरच्या जीपमध्ये दडलेली अडचण

इथे गॅरेजमध्ये सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. मूळ जीपला तीनच गिअर. पहिला २.८०, दुसरा १.५५, तिसरा सरळ १. या आकड्यांना एक्सल रेशोने गुणलं की प्रत्येक गिअरची एकूण ओढ कळते.

३.७३ चा एक्सल बसवला तर दुसऱ्या गिअरची एकूण ओढ येते ५.७८. जुन्या एक्सलवर टॉप गिअरची ओढ होती ५.३८. म्हणजे आधी जे काम टॉप करत होता, त्यासाठी आता दुसरा लागणार. आधी जे दुसरा करायचा, त्यासाठी पहिला. आणि आधी जे पहिला करायचा, त्यासाठी? काहीच उरत नाही. पहिल्या गिअरची एकूण ओढ १५ वरून साडेदहाच्या खाली येते. माथेरानच्या चढावर वळणावर समोरून टॅक्सी आली, थांबावं लागलं आणि पुन्हा भरल्या गाडीनिशी उचलायची वेळ आली की ती कमी पडलेली ओढ क्लच भरून काढतो. दोन-तीनदा असं झालं की जळका वास येतो.

चारचाकी ड्राइव्हच्या जीपला लो गिअर असतो, तो लावला की ओढ जवळजवळ अडीच पट होते. कुणी म्हणेल, मग चढावर लो लावू. पण जुन्या विलीज पद्धतीच्या ट्रान्सफर केसमध्ये लो लावायचा तर आधी पुढची चाकंही जोडावी लागतात. कोरड्या डांबरी घाटात तसं चालवणं टायर आणि शाफ्ट दोन्हींना त्रासाचं आहे. तो गिअर चिखलासाठी आहे, रोजच्या चढासाठी नाही.

चढाइतकाच उतारही महत्त्वाचा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. घाट उतरताना गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. ही पकडही एक्सल रेशोच्या प्रमाणातच मिळते. ५.३८ वरून ४.२७ वर आलात तर त्याच गिअरमध्ये ती सुमारे २० टक्के कमी होते, ३.७३ वर ३० टक्के. उरलेलं ओझं ब्रेकवर. जुन्या जीपला चारही चाकांना लहान ड्रम ब्रेक आहेत. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत ते सतत दाबत आलात तर तापतात आणि तापलेले ड्रम धरत नाहीत. एक्सल बदलून वेग वाढवायचा आणि ब्रेक तेच ठेवायचे, हा उलटा क्रम आहे. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी ब्रेक.

इंजिन बदललेलं असेल तर?

इथे मात्र उत्तर बदलतं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिन राहिलेलंच नाही. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून मालकांनी डिझेल इंजिनं बसवली. जुनी डिझेल इंजिनं कमी फेऱ्यांना जास्त ओढतात आणि वर लवकर दमतात. समजा तुमचं इंजिन ३००० च्या पुढे जायला नाखूश आहे. ५.३८ च्या एक्सलवर ३००० फेऱ्या म्हणजे टॉपमध्ये ताशी सुमारे ७४ किलोमीटर. तीच गाडीची हद्द. अशा जीपला ४.२७ दिला तर हद्द ९० च्या पुढे जाते आणि डिझेलची खालची ओढ चांगली असल्याने चढावर फारसं काही गमावत नाही. कर्जत-पनवेल रोजची ये-जा, महिन्यातून एखादा घाट, असा वापर असेल तर हा बदल पटण्यासारखा आहे. ३.७३ पर्यंत जायचं असेल तर गिअरबॉक्स किमान चार-पाच गिअरचा हवा आणि पहिला गिअर दणकट हवा.

पाच गिअरचा गिअरबॉक्स आधीच बसवलेला असेल तर एक्सलला हात लावायच्या आधी थांबा. पाचवा गिअर साधारण ०.८ च्या आसपास असतो. ५.३८ ला ०.८ ने गुणलं की ४.३. म्हणजे हायवेवर तुम्हाला ४.२७ चा एक्सल मिळालेलाच आहे आणि घाटातली ओढही शाबूत आहे. माझ्या मते जीपसाठी हा सर्वात शहाणा मार्ग आहे: वेग गिअरबॉक्समधून मिळवा, एक्सल मोठ्या आकड्याचाच राहू द्या.

आणि मूळ पेट्रोल इंजिन, मूळ तीन गिअर, कोंडाणे-कर्जत-नेरळ इतकाच पल्ला असेल तर? काहीही बदलू नका. ५.३८ या भागासाठीच बनवल्यासारखा आहे.

टायरचाही हिशोब यात धरायला हवा. अनेकजण आधी रुंद, उंच टायर घालतात. मूळ टायरचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच. त्याजागी ३१ इंची घातला तर चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि ५.३८ चा एक्सल ४.९५ सारखा वागू लागतो. म्हणजे नकळत तुम्ही रेशो बदललेलाच असतो. अशा गाडीत वर ४.२७ बसवला तर तो चारच्या खालीच वागतो. मोठे टायर आणि लहान आकडा ही जोडी चिखलात रडवते.

सर्वात महागडी चूक

मागचा एक्सल बदलायचा आणि पुढचा तसाच ठेवायचा.

फक्त मागच्या चाकांवर गाडी चालते तोवर काही कळत नाही. महिनोन्महिने कळत नाही. मग जुलैमध्ये कोंडाण्याच्या बाजूला चिखलात गाडी अडकते आणि मालक पुढचा ड्राइव्ह जोडतो. आता ट्रान्सफर केसमधून पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. पुढे ५.३८ आणि मागे ४.२७ असेल तर पुढची चाकं १०० मीटर चालायला बघतात तेव्हा मागची १२६ मीटर. चिखलात चाकं घसरतात म्हणून थोडा वेळ निभावतं. गाडी घट्ट जमिनीवर आली की घसरायला जागा नसते. मग यू-जॉइंट तुटतो, नाहीतर ट्रान्सफर केसचे दात जातात. म्हणून चारचाकी ड्राइव्हच्या जीपला एक्सल घ्यायचा तर दोन्ही, एकाच रेशोचे. परवडत नसेल तर एकही नको.

जुन्या बाजारात मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवू नका. "डिझेल जीपचा आहे, ४.२७ च असणार" हे वाक्य कुर्ल्याच्या स्पेअरपार्टच्या गल्लीपासून कुठेही ऐकायला मिळेल. दहा-वीस वर्षांत त्या हाउसिंगमध्ये कुणी काय भरलंय हे फक्त दात सांगतात. एक्सल सुटा असेल तर मागचं झाकण उघडून दात मोजा. गाडीला लागलेला असेल तर सपाट जागी गाडी उभी करून बाकीच्या चाकांना दगड लावा. दगड पक्के लागल्यावरच गिअर न्यूट्रल करा, पुढचा ड्राइव्ह सोडा आणि मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या. जुन्या जीपचा हँडब्रेक शाफ्टवर लागतो, तो सोडावा लागतो. म्हणूनच दगड पक्के हवेत. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. दुसरं चाक स्थिर असल्याने डिफरन्शियलमधला क्राऊन तेवढ्यात एकच फेरा घेतो. शाफ्ट पाच फेऱ्यांवर आणखी तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फिरला तर ५.३८. चारवर पाव फेरा, तर ४.२७. पावणेचारच्या जवळ, तर ३.७३. पाचला थोडा कमी पडला तर ४.८८, तोही या कुटुंबात भेटतो.

क्राऊन आणि टेल पिनियन कायम जोडीनेच घ्या. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक जुना आणि एक नवा घातला की आयुष्यभर हुंकार ऐकू येतो. बसवताना मेकॅनिक दातांना रंग लावून खूण कुठे उमटते ते बघतोय का, शिम कमी-जास्त करतोय का, याकडे लक्ष ठेवा. नुसतं आवळून देणारा मेकॅनिक असेल तर काम दुसरीकडे न्या.

स्पीडोमीटर आणि कागदपत्रं

जीपच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, चाकातून नाही. ५.३८ काढून ४.२७ घातला की ताशी ६० च्या खऱ्या वेगाला काटा ४८ च्या जवळ दिसतो. चालकाला वाटतं आपण सावकाश जातोय. केबलचा लहान गिअर बदलून किंवा मोबाईलच्या जीपीएसशी ताडून नवा हिशोब डॅशबोर्डवर लिहून ठेवावा लागतो. स्पीड कॅमेरा तुमचा काटा बघत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, गाडीचे मूळ उत्पादकाने दिलेले तपशील बदलतील असे फेरफार करायला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आहे का ते जीप विकत घेण्याआधी बघा, नंतर नाही. आणि तुमची जीप पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक विचार करा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला 'व्हीए' मालिकेतला विंटेज क्रमांक मिळू शकतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. विंटेज नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. त्यामुळे तुमच्या हाउसिंगमध्ये अजून मूळ ५.३८ असेल, तर तो काढून भंगारात देण्याआधी निदान तेल लावून, पोत्यात गुंडाळून घरात ठेवा.